एसएसडीचा सेकंदाला २६५ एमबीचा वेग तुमच्या बोर्डाला साजेसाच आहे, मशीन अडतंय ते दुसऱ्याच कारणांनी

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत.

तुमचं डीटीपीचं दुकान आहे. मशीन २०१२ साली जुळवलेलं: आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा (बोर्डावरचे पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचा) बोर्ड, ४ जीबी रॅम. त्यात तुम्ही २४० जीबीची साटा एसएसडी बसवली (एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह, साटा ही त्याची बोर्डाशी जोडणी). जुन्या १ टीबी हार्ड डिस्कवरचं विंडोज १० क्लोन करून, म्हणजे जसंच्या तसं उतरवून, एसएसडीवर आणलं आणि ती जुनी डिस्क डी ड्राइव्ह म्हणून तशीच ठेवली. खोक्यावर ५५० एमबी/सेकंद छापलंय आणि वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क २६५ दाखवतंय. मशीन सुरू व्हायला दीड मिनिट, कोरलड्रॉ उघडायला जवळपास तेवढंच, आणि काम करताना मधूनच पाच-दहा सेकंद माउसशिवाय काही हलत नाही. तुम्ही विचारलंत की एसएसडी डुप्लिकेट निघाली का, ६ गिगाबिटचे वेगवान पोर्ट देणारं साटा कार्ड टाकावं का, आणि इंटरनेटवर सांगतात तसे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, बदल करावेत का.

कार्ड टाकू नका आणि रजिस्ट्रीला हात लावू नका. एसएसडी डुप्लिकेट असण्याची शक्यता फार कमी आहे. २६५ हा आकडा का येतो आणि मशीन का अडकतं, ही दोन निराळी कोडी आहेत. पहिल्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. दुसऱ्यात खूप आहे, आणि त्यातलं बरंचसं फुकट होण्यासारखं आहे.

पहिलं कोडं लवकर सुटतं. साटाच्या तीन पिढ्या आहेत: १.५, ३ आणि ६ गिगाबिट. या जोडणीवर एक बाइट पाठवायला ८ ऐवजी १० बिट खर्च होतात, म्हणून ३ गिगाबिटला कागदावर ३०० एमबी आणि ६ गिगाबिटला ६०० एमबी पडतात. त्यातून आदेशांची देवाणघेवाण वजा केली की प्रत्यक्षात साधारण २६० ते २८० आणि ५२० ते ५६० उरतात. तुमच्या एच६१ चिपसेटमध्ये चार साटा पोर्ट आहेत आणि चारही ३ गिगाबिटचे. त्याच पिढीतल्या एच६७, पी६७ या चिपसेटना दोन पोर्ट ६ गिगाबिटचे होते. एच६१ स्वस्तातला असल्यामुळे त्यातून ते वगळले होते. त्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे जुळवलेली मशीनं बहुतेक याच बोर्डाची असायची, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. तुमचा २६५ हा आकडा त्या पोर्टातून निघणारा जवळजवळ पूर्ण वेग आहे. डुप्लिकेट ड्राइव्ह सलग वाचताना असा स्थिर आकडा सहसा देत नाही.

खात्री करायची असेल तर ड्राइव्हची माहिती आणि तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. त्यात 'ट्रान्स्फर मोड' या ओळीत दोन आकडे असतात: डावीकडे आत्ता ठरलेला वेग, उजवीकडे ड्राइव्हला जमणारा वेग. तुमच्याकडे तिथे साटा/३०० आणि साटा/६०० दिसायला हवं. तसं असेल तर हा विषय मिटला. डावीकडे साटा/१५० दिसलं तर मात्र थांबा, तिथे केबल किंवा पोर्ट खराब आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता हा अर्धा वेग तुम्हाला किती जाणवतो ते बघू. तुमची पत्रिकेची १ जीबीची भलीमोठी फाइल उघडायची आहे असं धरा. २६५ ने ती चार सेकंदांत वाचून होईल, ५५० ने दोन सेकंदांत. दोन सेकंदांचा फरक, तोही एवढ्या मोठ्या फाइलला. विंडोज किंवा कोरल सुरू होताना असं एकसलग वाचन फार थोडं होतं. हजारो छोटे तुकडे डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेले असतात आणि एकेक करून मागवले जातात.

तुमच्या जुन्या हार्ड डिस्कला हेच झेपत नव्हतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि टोक त्या जागी सरकायला आणखी ८-९. एका तुकड्याला १२-१३ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला सत्तर-ऐंशी तुकडे होतात. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला जेमतेम ३०० केबी. साधी एसएसडी हेच काम तुकड्यामागे साधारण ०.१ मिलिसेकंदात करते, म्हणजे सेकंदाला २० ते ४० एमबी. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात की ही मजल शंभरपट असते, आणि ती ३ गिगाबिटच्या पोर्टात आरामात मावते. ३ वरून ६ गिगाबिटवर गेल्याने मिळणारी दुप्पट फक्त सलग वाचनातली. म्हणून क्रिस्टलडिस्कमार्कच्या सगळ्यात वरच्या ओळीकडे बघू नका, सगळ्यात खालच्या ओळीकडे बघा: रँडम ४के, क्यू१टी१, म्हणजे छोटे तुकडे एकेक करून मागवल्यावरचा वेग. तुमच्या मशीनवर तिथे वाचनाला २० च्या आसपास किंवा वर आकडा असेल, तर एसएसडी तिचं काम नीट करते आहे.

कार्डाबद्दल नाही म्हणालो त्याचं कारण सांगतो. बाजारात मिळणारी स्वस्त साटा कार्डं बोर्डावरच्या पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या, एक लेनच्या खाचेत बसतात. तुमच्या बोर्डावर ती खाच दुसऱ्या पिढीची आहे, तिची कागदावरची मर्यादा ५०० एमबी. हातात चारशेच्या आत-बाहेर येतं. वर प्रत्येक आदेश आणखी एका चिपमधून जातो, त्यामुळे छोट्या वाचनात काही कार्डं बोर्डाच्या मूळ पोर्टापेक्षा मागे पडलेली मी स्वतः मोजली आहेत. त्या कार्डावरून बूट होईलच याचीही हमी नसते. एनव्हीएमई ड्राइव्ह (साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी एसएसडी) अडॅप्टरवर बसवण्याचा विचार आला असेल तर तोही सोडा. विंडोज १० ला ती डेटा ड्राइव्ह म्हणून दिसेल, पण त्या काळातलं बायोस, म्हणजे मशीन चालू होताच बोर्डावर आधी चालणारा प्रोग्रॅम, तिच्यावरून बूट करत नाही. ही सोय साधारण २०१४ च्या बोर्डांपासून पुढे येऊ लागली.

आता दुसरं कोडं. दीड मिनिट आणि मधली ती पाच-दहा सेकंदं.

तुमच्या वर्णनातली पाच-दहा सेकंदं वाचली आणि माझी नजर थेट तुमच्या डी ड्राइव्हवर गेली. विंडोजच्या नेहमीच्या पॉवर प्लॅनमध्ये वीस मिनिटं हात न लागलेली हार्ड डिस्क फिरायची थांबते. तुम्ही कोरलमध्ये काम करत असता, सगळं एसएसडीवर चालू असतं, आणि मग 'सेव्ह अ‍ॅज' दाबता. ती खिडकी उघडताना विंडोज सगळ्या ड्राइव्हना विचारतं. झोपलेल्या डिस्कला पुन्हा पूर्ण वेग घ्यायला पाच ते दहा सेकंद लागतात, तोवर सगळं खोळंबतं. कॅबिनेटला कान लावलात तर डिस्क वेग घेतानाचा चढता आवाज ऐकू येईल. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये, 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' शून्य केलं की हा खोळंबा जातो.

पण अडकण्याचा आणि रिकामं बसण्याचा संबंध नसेल, काम भरात असतानाही मशीन अडत असेल, तर गोष्ट गंभीर आहे. मग डिस्क म्हातारी होऊन एखादा तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. दोन्हींत फरक करायला क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुन्या डिस्कची पाटी बघा. ०५ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि सी५ (संशयित जागा) या दोन ओळींची 'रॉ व्हॅल्यू' शून्य हवी. सी५ मध्ये शून्याव्यतिरिक्त काहीही असलं तर त्या डिस्कवर वाचता न येणाऱ्या जागा तयार झाल्या आहेत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम या लॉगमध्ये ७, १२९ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तरी हाच संशय घ्या. ७ म्हणजे खराब जागा, १२९ म्हणजे उत्तर न आल्याने ड्राइव्ह रीसेट केला, १५३ म्हणजे तोच आदेश पुन्हा द्यावा लागला.

मी वीसेक वर्षं इचलकरंजीत मशीन दुरुस्त करतोय. नवी एसएसडी बसवूनही स्लो म्हणून परत आलेल्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त वेळा मला हीच जुनी, आजारी डिस्क सापडली आहे. लोकांना वाटतं विंडोज आता तिच्यावर नाही, मग तिचा काय त्रास. पण बायोस सुरू होतानाच तिची ओळख पटवायला थांबतं, विंडोज तिची फाइल-यादी वाचायला थांबतं, अँटिव्हायरस तिला चाळतो, सर्च इंडेक्स तिच्यातून फिरतो. एक अडलेला ड्राइव्ह सगळ्या मशीनला ताटकळत ठेवतो.

म्हणून डी वरच्या महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून झाली की बाकी काहीही करण्याआधी हा प्रयोग करा. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, कॅबिनेट उघडून जुन्या डिस्कची डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही काढा. मग मशीन चालू करून घड्याळ लावा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

दीड मिनिटाचं अर्ध्या मिनिटावर आलं, तर दोषी सापडला. तिच्यावरची कामं आजच दुसरीकडे उतरवून घ्या. उरलेलं सगळं आधी राहू द्या, हे काम पुढे ढकलू नका.

मशीन बूटच झालं नाही, बूटेबल डिव्हाइस नाही असा संदेश आला, तर विंडोज एसएसडीवर आहे पण त्याला सुरू करणारा छोटा भाग अजून जुन्या डिस्कवरच आहे. क्लोन करताना फक्त सी ड्राइव्ह उचलला आणि 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' हे छोटं पार्टिशन मागे राहिलं की असं होतं. जुनी डिस्क लावून ठेवून एसएसडीवर नवं विंडोज टाकलं तरी हेच होतं, इन्स्टॉलर तो भाग जुन्या डिस्कवर ठेवून देतो. म्हणून विंडोज टाकताना एकच ड्राइव्ह जोडलेला ठेवायचा, हा माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगितलेला नियम आहे.

तिसरी शक्यता, काहीच फरक पडला नाही. मग पुढे वाचा.

पुढची तपासणी बायोसमधली. २०१२ च्या आसपासच्या पुष्कळ बोर्डांवर साटा मोड, म्हणजे ड्राइव्हशी बोलण्याची पद्धत, आयडीई असा ठेवलेला यायचा, कारण तेव्हा लोक एक्सपी टाकायचे आणि एक्सपीला एएचसीआय मोडसाठी वेगळा ड्रायव्हर लागायचा. आयडीई मोडमध्ये ड्राइव्हकडे एका वेळी एकच आदेश जातो. एएचसीआयमध्ये ३२ आदेश रांगेत लावता येतात आणि एसएसडी ते आतल्या अनेक चिपवर एकदम वाटून घेते. तुमचा मोड कोणता हे बायोसमध्ये न जाताही कळतं. क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये रँडम ४केच्या दोन ओळी असतात, क्यू३२ आणि क्यू१. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर मशीन आयडीई मोडमध्ये आहे. एएचसीआयमध्ये क्यू३२ चा आकडा कितीतरी वर जातो.

बायोसमध्ये जाऊन हा मोड थेट बदलू नका. विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल, कारण त्या ड्रायव्हरची त्याने सुरुवातीला तयारीच केलेली नसते. रस्ता असा आहे: रन खिडकीत एमएसकॉन्फिग उघडा, बूट या टॅबवर 'सेफ बूट' ला टिक करा, रीस्टार्ट करा. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, साटा मोड एएचसीआय करा, एफ१० ने सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये येईल आणि योग्य ड्रायव्हर स्वतःच उचलेल. मग पुन्हा एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन ती टिक काढा आणि रीस्टार्ट करा. त्याआधी विंडोजचा पासवर्ड पाठ आहे ना ते बघा, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

याहून जुनं, जी३१ किंवा जी४१ चिपसेटचं मशीन कोणाकडे असेल तर त्यांनी एएचसीआय शोधत बसू नये. त्या बोर्डांवर सहसा आयसीएच७ ही चिप असते आणि तिच्या साध्या आवृत्तीत ही सोयच नाही. तिथे आयडीई मोडवरच समाधान मानायचं. एसएसडीचा मुख्य फायदा, छोट्या वाचनातला, तरीही मिळतो.

क्लोनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. तुमचं विंडोज मुळात कधी टाकलेलं आहे, यावर बरंच अवलंबून आहे. एक्सपीच्या काळात पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, म्हणजे ३२,२५६ बाइटवर. एसएसडी आतून ४ केबी किंवा त्याहून मोठ्या पानांत विचार करते. ३२,२५६ ला ४,०९६ ने भागलं तर पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे विंडोजचा प्रत्येक ४ केबीचा तुकडा एसएसडीच्या दोन पानांवर अर्धा-अर्धा पसरतो आणि एका लिखाणाला दोन पानं हलवावी लागतात. व्हिस्टापासून पुढे विंडोज पार्टिशन १ एमबीपासून सुरू करतं, त्यामुळे ही अडचण येत नाही. पण ज्या डिस्कवर पूर्वी एक्सपी होतं, त्याच पार्टिशनवर पुढे सात आणि मग दहा टाकत आलेलं मशीन क्लोन केलं, तर हा वाकडेपणा तसाच एसएसडीवर उतरतो. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कम्पोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स अशा क्रमाने जा आणि 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट' ला ४,०९६ ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर छान. नाही गेला तर नवं विंडोज टाकण्याला चांगलं कारण आहे.

एरवी मी क्लोनविरुद्ध हट्ट धरत नाही, आणि तुमच्या धंद्यात तर मुळीच नाही. डीटीपीवाल्यांच्या मशीनवर मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर असतं, त्याचं लायसन्स असतं, प्रिंटरचे नीट बसवलेले ड्रायव्हर असतात, कोरलची जुनी आवृत्ती असते. फॉरमॅट मारला की हे सगळं पुन्हा उभं करायला दोन दिवस जातात आणि लग्नसराईत ते दोन दिवस परवडत नाहीत. पण आठ-दहा वर्षं साठलेलं विंडोज क्लोन केलं की त्याचा सगळा गाळही सोबत येतो: जुन्या प्रिंटरच्या सेवा, दोन अँटिव्हायरस, सुरुवातीलाच उघडणारे पाच-सहा प्रोग्रॅम. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप टॅब उघडा आणि जे ओळखत नाही किंवा रोज लागत नाही ते डिसेबल करा. अँटिव्हायरस एकच ठेवा, विंडोजचा स्वतःचा पुरतो.

तुमच्यासारख्यांच्या मशीनमध्ये आणखी एक गोष्ट हमखास असते: फॉन्ट. गेल्या वर्षी माझ्याकडे एका प्रेसवाल्यांचं मशीन आलं होतं. कोरल उघडायला दोन मिनिटं लागायची. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये चार हजारांवर फॉन्ट होते, वीस वर्षांत सीडीवरून, पेन ड्राइव्हवरून जमलेले. कोरल सुरू होताना त्या सगळ्यांची यादी लावतं आणि त्यात प्रोसेसरचाही वेळ जातो, एसएसडी कितीही वेगवान असली तरी. आम्ही रोजचे तीनशे फॉन्ट ठेवले, बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले. कोरल वीस सेकंदांत उघडू लागलं. तुमच्याकडे किती फॉन्ट आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, एकदा मोजा.

कोरल आणि फोटोशॉप यांच्या तात्पुरत्या फाइल कुठे जातात तेही बघा. फोटोशॉपमध्ये त्याला स्क्रॅच डिस्क म्हणतात, कोरलच्या ऑप्शन्समध्ये मेमरीखाली स्वॅप डिस्कची निवड असते. हार्ड डिस्कच्या काळात सी भरू नये म्हणून आपण ती डी वर ठेवायचो. क्लोनमध्ये ती सेटिंगही जशीच्या तशी आलेली असते, आणि मग मोठा फोटो फिरवताना सगळं काम पुन्हा त्याच मंद डिस्कवर जातं. दोन्ही सी वर आणा.

आता रॅम. विंडोज १० ला, ब्राउझरला आणि कोरलला मिळून ४ जीबी पुरत नाही. रॅम संपली की विंडोज मेमरीतला मजकूर एसएसडीवर उतरवतं आणि लागेल तेव्हा परत वाचतं. एसएसडीमुळे हे हार्ड डिस्कपेक्षा सुसह्य होतं, पण एसएसडी रॅमच्या जवळपासही पोचत नाही. रोजचं काम उघडून ठेवा आणि टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'कमिटेड', म्हणजे चालू प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली मेमरी, हा आकडा बघा. तो ४ जीबीच्या वर गेलेला असेल तर कार्डाचे पैसे रॅमला द्या. एच६१ बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असतात, म्हणून ४ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर३ १३३३ किंवा १६००. दोन्ही खाचा भरल्या की मेमरी दोन वाटांनी चालते, तोही थोडा फायदा. ऑनलाइन खूप स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर३ स्टिक फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात. वर्णनात तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. दुकानातून घ्याल तर बसवून, मशीन सुरू करून दाखवायला सांगा.

रजिस्ट्रीतल्या सल्ल्यांबद्दल. पेज फाइल (रॅम संपली की विंडोज मजकूर उतरवतं ती फाइल) बंद करा, ब्राउझरचा कॅश हार्ड डिस्कवर न्या, टेम्प फोल्डर डी वर हलवा, हे सगळं एसएसडी ४०-६० जीबीच्या आणि महाग होत्या तेव्हाचं आहे. तेव्हा लोक लिखाण वाचवायला धडपडायचे. आज २४० जीबीच्या साध्या ड्राइव्हवरही ८० टीबीच्या आसपास लिखाणाची हमी मिळते. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, आणि डीटीपीत तेवढं रोज होत नाही, तरी ते ४,००० दिवस होतात, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं. जे काम वेगात व्हावं म्हणून एसएसडी घेतली तेच काम तिच्यावरून हलवण्यात अर्थ नाही. ४ जीबी रॅमवर पेज फाइल बंद केलीत तर कोरल मधेच बंद पडेल आणि न सेव्ह केलेली पत्रिका जाईल.

एसएसडीला स्वतःला दोनच गोष्टी लागतात. पहिली म्हणजे मोकळी जागा, पाचवा हिस्सा तरी, तुमच्या ड्राइव्हवर ४०-४५ जीबी. स्वस्त ड्राइव्ह मोकळ्या जागेचा काही भाग वेगवान तात्पुरती जागा म्हणून वापरतात. ड्राइव्ह भरत आला की ती आकसते आणि लिखाणाचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. दुसरी गोष्ट ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींच्या जागा मोकळ्या झाल्याचं विंडोजने ड्राइव्हला कळवणं. 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडा. एसएसडीसमोर मीडिया टाइप 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' दिसायला हवं आणि आठवड्याचं वेळापत्रक चालू हवं. क्लोननंतर कधीकधी विंडोज तिला अजून हार्ड डिस्कच समजत असतं. तसं दिसलं तर डिफ्रॅग होऊ देऊ नका, एएचसीआयचं काम आधी करा आणि मग पुन्हा बघा.

केबलचं सांगतो म्हणालो होतो. क्रिस्टलडिस्कइन्फोत एसएसडीच्या पाटीवर सी७ ही सीआरसी चुकांची, म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाची, ओळ असेल तर आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. आकडा वाढत असेल तर केबल बदला. २०१२ ची केबल, तेव्हाच्या धुळीत आणि दमटपणात राहिलेली, क्लिप नसलेली, ती सैल झालेली असते. चुका वाढल्या की जोडणी खालच्या वेगावर उतरते आणि साटा/१५० दिसू लागतं. हा किरकोळ खर्चाचा भाग लोक सगळ्यात शेवटी बदलतात. मी एसएसडी बसवतानाच नवी केबल घालतो.

लॅपटॉपवाल्यांनाही हे लागू पडतं, फक्त एक भर. सीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क ठेवायची चौकट, बसवून तिच्यात एसएसडी घालू नका. ती जोडणी पुष्कळ जुन्या लॅपटॉपमध्ये मुख्य जागेपेक्षा मंद असते. एसएसडी मुख्य जागी, जुनी डिस्क कॅडीत. कॅडी घेण्याआधी सीडी ड्राइव्हची जाडी मोजा, ९.५ की १२.७ मिलिमीटर.

तर क्रम असा धरा. आज रात्री दुकान बंद करताना डी वरच्या सगळ्या फाइलींची दुसरीकडे प्रत, मग जुनी डिस्क काढून घड्याळ लावायचा प्रयोग, मग एएचसीआय. त्यानंतर स्टार्टअप आणि फॉन्ट यांची साफसफाई, आणि कमिटेडचा आकडा बघून रॅम. हे सगळं करूनही मशीन मिनिटाच्या आत कामाला तयार होत नसेल तरच नवं विंडोज, तेही फॉन्ट सॉफ्टवेअरचं लायसन्स हाताशी घेऊन.

नव्या विंडोजचा विषय निघालाच आहे तर एक लक्षात असू द्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आय३-२१२० विंडोज ११ च्या यादीत नाही. कोरलसाठी तुम्हाला विंडोज लागणारच, म्हणून हे मशीन डिझाइनपुरतं ठेवा आणि बँकेचे व्यवहार, ग्राहकांच्या मेलमधून आलेल्या फाइली उघडणं हे दुसऱ्या मशीनवर करा. घरी असंच जुनं मशीन फक्त ब्राउझरसाठी असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, एसएसडी आणि ८ जीबी रॅमवर ते छान चालतं.

प्रयोग झाला की चार गोष्टी कळवा: जुनी डिस्क काढल्यावर सुरू व्हायला लागलेला वेळ, जुन्या डिस्कचा सी५ चा आकडा, रँडम ४केच्या दोन्ही ओळी आणि फॉन्टची संख्या. सी५ शून्य नसेल तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका, आधी त्या डिस्कवरच्या पत्रिका उतरवून घ्या.